परसातला घुमट

“काय बी इचारलं तरी संडासाचं नाव तोंडातनं काढायचं न्हाई,” आई माझ्या निऱ्यांना पिन लावता लावता म्हणाली. “नाव सांगायचं, शिक्षान सांगायचं, सैपाक येतो म्हणायचं. गॅसचं इचारलं तर शेणाचा म्हणायचं. शेणाचाच हाय की.”

“निम्मा,” मी म्हणाले.

पिन माझ्या कमरेत टोचली. चुकून टोचली, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली.

ही चौऱ्याऐंशी सालातली गोष्ट. मी वीस वर्षांची होते. सातारा जिल्ह्यातल्या पिंपळसोंड नावाच्या दीडशे उंबऱ्यांच्या गावात आमचं घर. घरात आई, तात्या, माझे दोन धाकटे भाऊ आणि मी. गोठ्यात तीन म्हशी. दहावी पास झाल्याला चार वर्षं झालेली, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं मी घरात जरा जास्तच दिवस राहिले होते. त्या सकाळी खडकवाटेहून पाहुणे मला बघायला यायचे होते, आणि आई दोन दिवस झोपली नव्हती. तिला माझ्या रंगाची काळजी नव्हती, उंचीची नव्हती. काळजी होती ती परसात जमिनीखाली गाडलेल्या एका नळीची.

आदल्या वर्षी आषाढात आई पहाटे ओढ्याच्या वाटेला घसरून पडली. घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. आता बाईमाणसानं परसाकडला जायचं म्हणजे ओढ्यापलीकडे बाभळीत जायचं, तेही दिवस उगवायच्या आत. मग तात्या पहाटे चारला बैलगाडी जुंपायचे, मी आईला उचलून गाडीत घालायची आणि आम्ही निघायचो. परसाकडला बैलगाडीनं जाणारी आई ही आमच्या गावातली पहिली आणि शेवटची बाई. लोक हसायचे. आईही हसायची, पण गाडीत चढताना ती माझा हात असा काही घट्ट धरायची की मला तिच्या तोंडाकडे बघवत नसे.

त्याच सुमारास तालुक्याला गोबरगॅसचं शिबिर होतं. तात्यांना बारीक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यासोबत मी गेले. साहेबांनी फळ्यावर चित्र काढून सगळं समजावलं. जमिनीत विटांचा गोल घुमट बांधायचा, त्यात शेण आणि पाणी सारखं कालवून सोडायचं, आत हवा जाऊ द्यायची नाही. शेण कुजतं, गॅस वर साठतो, नळीनं स्वयंपाकघरात येतो. मी हात वर केला. पाच माणसांचा स्वयंपाक तीन म्हशींच्या शेणावर होईल का, असं विचारलं. त्यातली एक मळ्यात बांधलेली असायची, तिचं शेण घरी यायचं नाही.

“थोडं कमी पडेल,” साहेब म्हणाले. “पण संडास जोडला तर पुरेल. आणि संडासही होईल.”

सगळा हॉल खदाखदा हसला. पुढच्या रांगेत बसलेले गवंडीकाम करणारे इलाही मिस्त्री तेवढे हसले नाहीत. शिबिर सुटल्यावर त्यांनी मला बाहेर गाठलं. “बेटा, जोडायला काय अवघड नाही. मी करून देतो. पण घरच्यांनी मनावर घ्यायला पाहिजे.”

येताना एसटीत तात्या अर्ध्या वाटेपर्यंत तिकिटाची घडी घालत बसले. मग एकदम म्हणाले, “आन् भाकरी त्याच्यावर भाजायची?”

“जाळावर भाजायची, तात्या. मेथीला शेणखत घालतो, तवा आपण शेण खातो का?”

गाव आल्यावर उतरताना ते म्हणाले, “कुणाला कळता कामा न्हाई.”

घुमट आणि संडासाची खोली सगळ्यांदेखत बांधून झाली, आणि शेजारच्या गावची जत्रा होती त्या दिवशी, सगळं पिंपळसोंड तिकडे गेलं असताना इलाही मिस्त्रींनी संडासापासून घुमटापर्यंतची नळी टाकली आणि वर माती ओढली. गाव परत आलं तेव्हा तात्या त्या मातीवर कोथिंबीर पेरत होते. गावाला गोबरगॅस तेवढा ठाऊक झाला. पत्र्याच्या दाराची नवी खोली दिसत होती, पण तिचं मैलापाणी जातं कुठं, हे कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

तर पाहुणे आले. तिघंच होते. नवरा मुलगा जयसिंग, उपसा सिंचनाच्या पंपावर ऑपरेटर. त्याचे चुलते रंगराव, पांढराशुभ्र फेटा, मिशीला पीळ, घरातले कर्ते. आणि जयसिंगची आई गोदाक्का, बारीक अंगाची, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली. नवरा जाऊन तिला बारा वर्षं झाली होती आणि घर दिराच्या शब्दावर चालत होतं, हे सोप्यात, पुढच्या ओसरीवर, बसल्या बसल्याच कळत होतं. रंगराव बोलायचे, बाकीचे माना हलवायचे.

“आमच्या वैनींचं यवढंच सांगतो,” रंगराव तात्यांना म्हणाले, “बारा वर्सं एकभुक्त हायत. दुपारचं एकदा जेवतात, सांजच्याला अन्नाला शिवत न्हाईत. आता असली बाई सासू म्हणून मिळायला नशीब लागतंय.”

आईनं आतून हात जोडले. गोदाक्का जमिनीकडे बघत राहिली.

रीत म्हणून ती स्वयंपाकघर बघायला आत आली. मी शेगडी पेटवून चहाचं आधण ठेवलं तशी ती खाली वाकली आणि जाळाकडे बघतच राहिली. “धूर न्हाई गं,” ती म्हणाली. “अज्याबात न्हाई.” मग मागच्या दारात उभी राहिली. परसातल्या पत्र्याच्या दाराकडे तिनं बोट केलं. “ते काय हाय?”

आईची ताकीद मला आठवत होती. पण समोर उभी असलेली खोली लपवणार कशी?

“संडास,” मी हळू म्हणाले.

तिनं सोप्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. “मी जाऊन येऊ?”

मी बादली भरून दिली. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली, हातपाय धुतले, तोंड पुसलं आणि तिथंच दगडावर टेकली. मला वाटलं, चक्कर आली असावी. पाणी आणायला वळले तर तिनं माझं मनगट धरलं.

“पोरी, कुणाला सांगू नगंस. माझं व्रत-बित काय न्हाई.”

मी तिच्याशेजारी खाली बसले.

“आमच्या गावाला वढा लांब. सडकंच्या कडंला बसावं लागतंय. कारखान्याच्या ट्रका रातभर चालू असत्यात. लायट पडली की उठून उभं ऱ्हायचं, लायट गेली की बसायचं. रातच्याला जेवलं की पहाटं कळ काढवत न्हाई. म्हणून जेवायचंच सोडलं. लोक म्हणाले, नवऱ्याच्या मागं व्रत धरलंय. मी म्हणू दिलं.” तिनं माझं मनगट सोडलं. “पाणी बी दुपारनंतर पीत न्हाई मी.”

आतून आईची हाक आली. गोदाक्का पदर सावरून उठली, जणू काही बोललीच नाही.

मग कांदेपोहे आले, चहा आला. मी पाटावर मान खाली घालून बसले होते. नाव सांगून झालं, शिक्षण सांगून झालं. रंगरावांनी चहाचा भुरका मारला आणि मान डोलावली. “फक्कड! पोरीच्या हाताला चव हाय.” आईनं दाराआड सुस्कारा सोडलेला मला ऐकू आला. सोयरीक ठरल्यातच जमा होती.

तेवढ्यात उंबऱ्याशी बसलेली गोदाक्का म्हणाली, “भावजी, आपल्याकडं बी असला गॅस बसवूया का? आन् त्येच्या संगट एक संडास?”

रंगराव हसले. “अवो वैनी, आपल्याकडं म्हशी किती? दोन. दोन म्हशीवर गॅस चालत न्हाई, माहिती काढलीया मी. आन् संडास कशाला? घरात घाण करून घ्यायची?”

“व्हय, ते बी खरंच,” गोदाक्का म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

विषय संपला. रंगरावांनी पोह्यांची बशी पुन्हा ओढली. माझी मान खालीच होती, त्यामुळे मला गोदाक्काचे पाय तेवढे दिसत होते. टाचा भेगाळलेल्या, एका बोटाला चिंधी बांधलेली. ती आज रात्री पुन्हा उपाशी झोपणार होती. आणि दोन म्हशींत कसं भागतं ते त्या सोप्यात तिघांनाच माहीत होतं. त्यातले तात्या आढ्याकडे बघत होते, आई दाराआड होती.

“भागतंय,” मी म्हणाले.

रंगराव थांबले. बघायला आलेल्या मुलीनं न विचारता बोलायची पद्धत नव्हती.

“काय म्हनलीस?”

“दोन म्हशींत भागतंय. आमची एक म्हस मळ्यात असती. घरात दोघींचंच शेण. कमी पडतं म्हणून आमी संडास जोडलाय.”

“कशाला जोडलाय?”

“गॅसला.”

रंगरावांच्या हातात चहाची बशी होती, तोंडात चहाचा मोठा घोट होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. पाटावर बसल्यापासूनची ती माझी पहिली वर मान. अर्थ त्यांच्या कपाळातून भुवयांत, भुवयांतून मिशीत असा उतरत गेला आणि मग सगळा चहा फवाऱ्यासारखा पोह्यांवर आला. आत पातेलं पडल्याचा आवाज झाला.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी बोलतच गेले. घुमट बंद असतो, आत हवा नसते, वर येतो तो गॅस तेवढा, घाण वर येत नाही, जाळ हा जाळच असतो, आमच्या घरातली पाच माणसं दोन महिने याच्यावरच जेवतायत आणि कुणाला साधी खोकल्याची उबळ नाही. मी हे सगळं गोदाक्काकडे बघून सांगत होते.

“चला!” रंगराव फेटा सावरत उठले. “बाटवलं की आमास्नी! ऊठ रं जयसिंगा!”

जयसिंग उठला. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा आपल्या आईकडे बघितलं आणि काकांच्या मागून निघाला. गोदाक्काच्या हातात तिचा कप तसाच होता. बायकांना चहा शेवटी मिळतो, तिनं तो तोंडालाही लावला नव्हता. ती उभी राहिली. उभ्या उभ्या तिनं तो चहा सगळा प्याला, अगदी सावकाश, आणि कप उंबऱ्यावर ठेवून बाहेर पडली.

पाहुण्यांची जीप फाट्यावरच्या हॉटेलात थांबली, रंगरावांनी तिथं तोंड सोडलं आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाला कळलं. आमच्याकडे कुणी पाण्याला थांबेना. दर गुरुवारी आमच्या सोप्यात भजन व्हायचं, त्या मंडळींनी चहा नको म्हणून सांगितलं. आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. बोलायचं असलं की म्हशीशी बोलायची. “सांग गं तिला, पाणी भर म्हणावं. सांग तिला, शिकून शाणी झालीस, आता बस म्हणावं घरात जलमभर.” म्हैस रवंथ करायची.

तात्यांनी पाचव्या दिवशी तोंड उघडलं. आम्ही दोघं शेण कालवत होतो.

“गप बसली असतीस तर ठरलं असतं.”

“व्हय.”

“मग का बोललीस?”

गोदाक्कानं कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, म्हणून मी गप्प राहिले. त्यांनी खोदून विचारलं नाही. काठीनं शेण ढवळत राहिले आणि म्हणाले, “नळी मीच चोरून टाकायला लावली. चोरून करायचं कामच न्हवतं ते.”

पुढच्या गुरुवारी त्यांनी भजनाला बसलेल्यांना सरळ सांगून टाकलं. “चहा ह्याच गॅसवर हुईल. ज्याला प्यायचाय त्यानं प्यावा.” मी सात कप करून आणले. कुणी हात लावला नाही. तात्यांनी एक एक करत सातही कप स्वतः संपवले आणि रात्रभर टक्क जागे राहिले.

तीन आठवडे गेले असतील. एका दुपारी फाट्याकडून एकटीच बाई चालत येताना दिसली. डोक्यावर ऊन, हातात कापडी पिशवी. गोदाक्का! आई दारातच थिजली. सोयरीक मोडलेल्या घरातलं माणूस असं परत येत नसतं.

“माहेरी जाते म्हणून निघाले,” ती ओट्यावर बसत म्हणाली. “तुमची पोरगी दोन दिस मला उसनी द्या. मला ते समदं शिकून घ्यायचं हाय.” पिशवीतून तिनं सुतळीचं बंडल काढलं. “लिहून देऊ नगंस, मला वाचता येत न्हाई. दोरीनं माप घ्यू.”

दोन दिवस आम्ही दोघी परसात होतो. घुमटाची रुंदी, खड्ड्याची खोली, नळीची लांबी, प्रत्येक मापाला ती सुतळीला गाठ मारायची. शेण कसं कालवायचं, काडीकचरा का काढायचा, संडासात साबणाचं पाणी आणि फिनेल का ओतायचं नाही. “त्यानं आतलं कुजायचं थांबतं,” मी म्हटलं, तर ती म्हणाली, “म्हंजी आतबी काय तरी जित्तं हाय.” मला शिबिरात जे समजायला दोन दिवस लागले होते ते तिला एका वाक्यात समजलं होतं.

दोन्ही रात्री ती आमच्याकडे जेवली. आईनं वाढलं आणि काही विचारलं नाही. पण दुसऱ्या रात्री आई माझ्याशी बोलली. मला म्हणाली, “म्हंजी हे हुतं व्हय. व्रत न्हवतंच.”

निघताना गोदाक्का तात्यांना म्हणाली, “मिस्त्री बांधून दील. पण पेटवायच्या वक्ताला पोरगी पायजे. बायकांस्नी बाईनं सांगितलं तरच पटतंय.”

“अगं पण कसं धाडू?” आई कळवळली. “मोडलेल्या सोयरिकीच्या घरी पोरगी गेली तर लोक शेण घालतील तोंडात!”

“घालू देत,” तात्या म्हणाले. “आपल्याला कमीच पडतंय.”

पाहुणे उठून गेल्यापासून आई तेव्हा पहिल्यांदा हसली. मग मला जायला मिळालं.

खडकवाटेच्या घरात निम्मा वाटा गोदाक्काच्या नावानं होता. बारा वर्षांत तिनं तो कधी बोलून दाखवला नव्हता. तो तिनं बोलून दाखवला आणि आपल्या बाजूच्या परसात खड्डा घेतला. इलाही मिस्त्रींनी पंधरा दिवसांत घुमट उभा केला. पहिल्या भरावाला गाड्यागाड्यांनी शेण लागतं. ते गावभरातून पाट्यांनी गोळा करायला जयसिंग राबत होता. मी तात्यांबरोबर पोहोचले तेव्हा तो गुडघ्यापर्यंत शेणात उभा होता.

“त्या दिवशी मी काय बोललो न्हाई,” मला एकटी बघून तो म्हणाला.

“न्हाई बोललात.”

“बोलायला पायजे हुतं.”

“आता पाटी उचला,” मी म्हणाले. “वाळायला लागलंय.”

तो हसला आणि त्यानं पाटी उचलली. मग दिवसभर प्रश्न विचारत राहिला. आत दाब किती होत असेल? पाण्याच्या पंपासारखी झडप लावली तर? मला जे येत होतं ते सांगितलं, येत नव्हतं ते येत नाही म्हणून सांगितलं. मला बघायला आला तेव्हा मी त्याचे बूट तेवढे नीट बघितले होते. चेहरा आता नीट बघितला. बरा होता.

भराव करून आम्ही परत आलो आणि तीन आठवड्यांनी पेटवायला पुन्हा गेलो. परसात पंचवीस-तीस बायका जमलेल्या. रंगराव मधल्या दारात हाताची घडी घालून उभे. आपली वेगळी चूल त्यांनी पुढच्या पडवीत मांडून घेतली होती.

गोदाक्कानं स्वतः काडी ओढली. मी चावी फिरवली. फुस्स झालं आणि काडी विझली. दुसरी ओढली. तीही विझली. तिसरी विझली तेव्हा बायकांत कुजबुज सुरू झाली.

“फुस्स!” रंगराव दारातून म्हणाले. “घाणीचा गॅस हुतोय व्हय? वैनी, गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई तुमी!”

गोदाक्का वळली. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही.

“भावजी,” ती म्हणाली, “शहराकडनं माणसांच्या मैल्याचं सोनखत आणता, उसाला घालता. त्या उसाचा गूळ तुमी रोज भाकरीसंगट खाता. तवा कधी थुंकला न्हाई ते?”

आधी एक म्हातारी हसली. मग दोघी-तिघी. मग सगळं परस असं हसायला लागलं की रंगरावांना मिशीवर हात ठेवावा लागला. ते आत गेले, पण दार लावलं नाही. फटीतून फेटा दिसत होता.

सगळे हसत होते, मी मात्र घामानं भिजले होते. शिबिरात सांगितलं होतं, पहिला गॅस पेटत नाही, त्यात जळायचा भाग कमी असतो, तो सोडून द्यायचा. आमच्याकडे तो इलाही मिस्त्रींनी सोडला होता. ते आज नव्हते. आणि हे त्याचमुळे होत होतं की माझ्याकडून काही चुकलं होतं, हे मला नक्की सांगता येत नव्हतं.

“आक्का,” मी म्हणाले, “हा सगळा सोडून द्यावा लागंल.”

“सगळा? तीन हप्त्याचा?”

“व्हय. मग चार दिवस थांबायचं. पुन्हा भरंल तो पेटंल.”

“नक्की?”

नक्की म्हणणं सोपं होतं. “मला तसं शिकवलंय,” मी म्हणाले. “मी स्वतः केलेलं न्हाई.”

गोदाक्कानं काडेपेटी कमरेला खोचली. “तू त्या दिवशी बी खरं बोललीस,” ती म्हणाली. “सोड.”

जयसिंगनं नळी बाहेरच्या बाजूला काढली आणि मी चावी पुरती उघडली. सूं सूं करत सगळा गॅस गेला. वास सुटला तशा बायका पदर नाकाला लावून पांगल्या. तात्या आणि मी खडकवाटेतच मुक्कामाला राहिलो. चार दिवस मला घास गोड लागला नाही. दिवसातून दहा वेळा मी घुमटावर कान ठेवून यायची, जणू त्यातून काही ऐकू येणार होतं.

चौथ्या दिवशी दिवस कलताना परसात दोन-तीन बायकाच होत्या. गोदाक्कानं काडी ओढली, मी चावी फिरवली. भप्प असा आवाज झाला. आम्ही सगळ्या दचकून मागे सरलो आणि शेगडीवर निळा जाळ उभा राहिला. मग गोदाक्कानं घाईघाईनं तवा ठेवला, दोन भाकऱ्या थापल्या, तिथंच शेगडीपुढं बसली आणि सगळ्यांसमोर कालवणात बुडवून जेवली. शेजारीण चमकून म्हणाली, “आक्का, सांजच्याला जेवताय? व्रत?”

“आज उद्यापन झालं,” गोदाक्का म्हणाली आणि तिसरी भाकरी थापायला घेतली.

ती भाकरी तिनं पडवीत नेऊन रंगरावांच्या ताटात ठेवली. त्यांनी ती खाल्ली की म्हशीला घातली, ते मला आजही माहीत नाही. पण महिन्याभरात त्यांची वेगळी चूल गेली, एवढं खरं.

भांडी आवरल्यावर गोदाक्का माझ्यासमोर येऊन बसली. तात्या खांबाला टेकून होते. जयसिंग शेगडीचा जाळ कमीजास्त करून बघत होता.

“आमी तुला बघायला आलो हुतो,” ती म्हणाली. “नाव इचारलं, शिक्षान इचारलं. तुला आमी कसं वाटलो, हे कुणी इचारलं न्हाई. आता तू घर बघितलंस, मला बघितलंस, पोराला शेणात उभं बघितलंस. आता सांग. पसंत हाय का?”

जयसिंगचा हात चावीवर थांबला. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, पण माझ्या वतीनं बोलले नाहीत. माझ्या जिभेवर होय आलं होतं. पण आतापर्यंत चार ठिकाणच्या पाहुण्यांनी आमचे पोहे खाऊन, चहा पिऊन, उठताना तात्यांना एकच वाक्य ऐकवलं होतं. ते म्हणायची संधी पुन्हा कधी मिळणार होती?

“इचार करून कळवते,” मी म्हणाले.

गोदाक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. जयसिंग मात्र अगदी गंभीरपणे म्हणाला, “कवापर्यंत?”

आठ दिवस मी खरोखरच विचार केला. नवव्या दिवशी पोस्टातून एक कार्ड आणलं. पत्ता तात्यांनी मोठ्या अक्षरात घातला, मजकूर मी लिहिला. ‘सप्रेम नमस्कार. मुलगा पसंत आहे. पुढील बोलणी करण्यास यावे.’ खाली माझी सही केली.

मुलीकडून आलेलं असलं कार्ड खडकवाटेच्या पोस्टमननं जन्मात बघितलं नव्हतं. त्यानं ते आधी पारावर सगळ्या गावाला वाचून दाखवलं आणि मगच घरी नेऊन दिलं.